वीस जीबीत न मावलेला आहेर

शूटिंगवाल्याच्या घरात किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. कॅमेऱ्यापुढं घडलेलं गिऱ्हाईक सीडीत घालून नेतं, कॅमेऱ्यामागचं सगळं आमच्याकडं उरतं!

तेव्हा आमच्या सिरसाळ्यात एसटीडीचे दोन बूथ होते, केबल घरोघरी आली होती आणि कॅसेट जाऊन लग्नाची सीडी मागायची फॅशन सुरू झाली होती. शूटिंग आमचे हे करायचे. मिक्सिंग, म्हणजे ते सगळं कापून-जोडून, गाणी नि नावं टाकून सीडी काढणं, ते माझ्याकडं. लग्नाआधी कोर्स केला होता ना! पण मशीन बीडच्या एका सेंटरमध्ये, भाड्यानं. सीझनला आठवड्यातले चार दिवस मी सकाळच्या एसटीत.

माझी लेक सई तेव्हा तीन वर्षांची. मी निघाले की रडत रस्त्यापर्यंत यायची, सासूबाई ओढून घरात न्यायच्या. एका सकाळी ती रडलीच नाही. हात हलवला आणि खेळायला पळाली.

"सुटलीस बाई!" सासूबाई म्हणाल्या.

मला मात्र पुढच्या चार रात्री झोप नाही. रडत होती तोवर माझी होती, असलं काहीतरी डोक्यात. पाचव्या दिवशी ह्यांना म्हटलं, "स्वस्तातला का होईना, पण एडिटिंग होईल असा कॉम्प्युटर घरीच घेऊ."

* * *

पैसे सासऱ्यांचे, त्यामुळं निवडही सासऱ्यांचीच. आमच्या आप्पांचं किराणा दुकान. बीडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांच्यापुढं दोन डबे ठेवले. आप्पांनी एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. गुळाची ढेप उचलावी तसा.

"ह्यो जड हाय. ह्योच टिकंल."

"आप्पा, आत काय आहे ते बघायचं असतं," मी हळूच म्हटलं.

"आतलं कुणाला दिसतंय? चाळीस वर्षं वजनावर धंदा केलाय मी!"

हलक्या डब्यात चाळीस जीबीची हार्ड डिस्क होती, जड डब्यात वीसची. किंमत जवळपास सारखीच. आम्ही जड घेतला.

* * *

घेतला म्हणजे, घेण्याआधी मी एकदा तोंड उघडून पाहिलं.

"एका तासाच्या टेपला तेरा जीबी जागा लागते," मी दुकानदाराला म्हटलं. "लग्नाच्या तीन टेपा असतात. वीसमध्ये कसं मावणार?"

तो ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "भाऊ, वहिनींना गाणी ऐकायला स्पीकर फ्री देतो!"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "कावून मावंना? मावंल की."

आणि मी गप्प बसले! आपला कोर्स जुना झाला असेल, आता मावत असेल, दुकानदार काय उगाच विकतो का? तेराला तीननं गुणायला मला चौथीतच शिकवलं होतं. पण दुकानात चार पुरुष एकीकडं झाले की माझे पाढेसुद्धा डळमळतात.

* * *

यूपीएसचं नाव काढलं तर आप्पा म्हणाले, "ते कशाला आणिक?"

"लाइट गेली तर काम जातं, आप्पा."

"लाइट गेली तर दुकानात पेट्रोमॅक्स हाय!"

मला वाटलं, गंमत करतायत. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी लाइट गेली आणि अर्ध्या दिवसाचं काम गेलं. मी डोक्याला हात लावून बसले होते. तेवढ्यात आप्पा पेटवलेला पेट्रोमॅक्स घेऊन आले, काळ्या पडद्याजवळ उंच धरला आणि मायेनं म्हणाले, "हं, कर आता!"

* * *

कॉम्प्युटर बसवायला आलेल्या पोऱ्यानं बजावलं होतं, "धूळ जाऊ देऊ नका. चपला बाहेर. आणि लहान लेकरू खोलीत नको."

पूजा झाली, नारळ फुटला. गल्लीतल्या बायका हळदीकुंकू वाहून गेल्या. आप्पांची गिऱ्हाइकं तेलाच्या हातानं की-बोर्ड दाबून गेली. एकीनं विचारलं, "ह्याच्यात आमच्या बबीचं लग्न जमतंय का बघा की!"

सगळं गाव आत येऊन गेलं. सई उंबऱ्याबाहेर.

तिला जवळ ठेवता यावं म्हणून आणलेलं मशीन, आणि नियम तेवढा तिच्यासाठीच पाळला गेला! पाळणारी मीच. बिघडलं तर काय, ह्या भीतीनं.

* * *

पहिलं लग्न आलं. तीन टेपा, अर्थातच मावेनात. एक टेप घ्यायची, कापायची, पुसायची, मग दुसरी. त्यातली जवळपास एक टेप नुसता आहेर. फेटा, टॉवेल-टोपी, फेटा, टॉवेल-टोपी. मी तो तीन मिनिटांवर आणला, वर सनईचा तुकडा टाकला. इतकं सुबक काम मी आधी केलं नव्हतं.

सीडी दिल्यावर आठव्या दिवशी नवरीचे मामा धर्मापुरीहून आले. चहालाही शिवले नाहीत.

"आमी नवरदेवाला फेटा बांधलता. त्यो कुठं गेला?"

"मामा, तुम्ही दिसता की, अक्षता टाकताना!"

"अक्षता कुणीबी टाकतंय, बाई. फेटा आमी इकत आणलता!"

त्यांच्या गावात पन्नास माणसांत बसून सीडी लावली होती. मामा दिसले रिकाम्या हातानं. आता भावकी विचारत होती, खरंच दिला का आहेर?

जाताना ते ह्यांना म्हणाले, "मागं थोरलीच्या लग्नाचं तुमी बीडला करून आणलतं, ते लई झ्याक झालतं. बीडचं मिक्सिंग ते बीडचं. घरी बायामाणसांकडून कशाला करून घेता?"

थोरलीचंही मीच केलं होतं!

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे मामांना म्हणाले, "नवीन हाय, मामा. शिकंल हळूहळू."

* * *

मग आहेर पुन्हा. सगळा. एकही फेटा सुटता कामा नये. दिवसातनं चार तास लाइट नाही, त्यामुळं जी असेल ती सोडायची नाही. तीन दिवस मी पडद्याकडं तोंड करून. कोण पुढं येतं, हातात काय आहे, चेहरा नीट दिसतो का. मागून सई काहीबाही सांगायची. बाहुलीला ताप आलाय. आज्जीनं लाडू दिला. मी "हं" म्हणायची. पहिल्या दिवशी ती खूप बोलली, दुसऱ्या दिवशी थोडं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर मामा आले. हातात फेटा, चेहरा स्वच्छ. मी श्वास रोखून तिथं खूण केली.

मागं उंबऱ्याशी पैंजण वाजले.

"काय गं?" मी मान न वळवता म्हटलं.

"आई, तू बीडहून कधी येणार?"