भिंतीतून वर येणारा ळ

अजेय गप्प बसेल, ही काळजी काही केल्या माझ्या मनातून जात नाही. पोरगा सापडेल म्हणून आया घाबरतात. मला भीती आहे ती तो सापडणार नाही याची. रविवारी सकाळी तळमजल्यावरचा अनिल बॅग उचलून खोली सोडेल, आणि माझा सव्वीस वर्षांचा मुलगा वर गॅलरीत कॉफीचा कप घेऊन ते बघत उभा राहील. मग आत येऊन विचारेल, "आई, नाश्त्याला काय?"

अनिलने काहीही केलेलं नाही. जे केलं ते अजेयने. ते काय आणि कसं, हे सांगायचं तर मला बरंच मागे जाऊन सुरुवात करावी लागेल. घरातले दोघे शांत झोपलेत, त्यामुळे लिहायला टेबल मोकळं आहे.

श्रीकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा अजेय बोबडं बोलत होता. दोन-तीन वर्षांत परत जायचंच आहे म्हणून पुस्तकांची खोकीसुद्धा मी उघडली नव्हती. मग एक बढती झाली, मग दुसरी, मग टॉलिगंजला हा फ्लॅट घेतला. खोकी उघडली गेली. अजेयचं मराठी मात्र मिटत गेलं. आमच्याशी मराठी, खाली मुलांशी बंगाली, शाळेत इंग्रजी, आणि या ओढाताणीत बळी गेला तो ळ. "आई, मी केलं खाल्लं," म्हणायचा. काय केलंस आणि काय खाल्लंस, असं मी विचारायचे. जिभेचा शेंडा मागे वळव, टाळूला लाव, म्हणून त्याला आरशासमोर उभा करायचे. तो आरशाला जीभ दाखवून पळून जायचा. आमचं आडनाव पिंगळे. शाळेत तो पिंगले झाला, गल्लीत आम्ही सगळेच पिंगले झालो, आणि पुढे पुढे तो स्वतःच फोनवर "पिंगले बोलतोय" म्हणायला लागला.

आता तो न्यू टाउनच्या एका कंपनीत मोबाइलच्या ॲपमधल्या बटणांचे रंग ठरवतो. हे काम असतं, आणि त्याला पगारही मिळतो, चांगला मिळतो. बटण हिरवं असावं की निळं यावर दिवसभर मीटिंगा करणाऱ्या माणसाला संध्याकाळी हाताने काही करावंसं वाटत असेल, हे मी समजू शकते. एखादा बासरी शिकेल. एखादा कुंडीत मिरच्या लावेल. आमचे चिरंजीव मार्कर बनवतात.

मार्कर बाजारात मिळतात. एस्प्लनेडला हव्या त्या रंगाचे, हव्या त्या जाडीचे मिळतात. पण विकतच्या मार्करने भिंतीवर आपली खूण लिहिणारा त्यांच्या टोळक्यात कच्चा लिंबू समजला जातो म्हणे. "खऱ्या राइटरची शाई स्वतःची असते, आई." राइटर! शाळा सुटल्यापासून ज्याने कुणाला एक पत्र लिहिलं नाही, तो राइटर.

आधी माझी पेटी गेली. पेटीच्या पट्ट्यांखाली जाड लोकरी कापड असतं, पट्टी दाबल्यावर लाकडावर आपटू नये म्हणून. ते कापून त्याने मार्करच्या तोंडात बसवलं, कारण ते शाई छान धरून ठेवतं. आता मी भूप वाजवायला घेतला की सुरांच्या आधी खटखट ऐकू येते. मग चहाची गाळणी गेली. शाई गाळायला तीच सापडली. "सॉरी, नवी गालणी आणतो," म्हणाला. अजून आणतोच आहे.

आणि मग पायांना लावायचा लाल अळता. कोपऱ्यावर पूजेच्या सामानाचं दुकान आहे. मी कापूर घ्यायला गेले, तर दुकानदार हसून म्हणाला, "काकिमा, दादाचं ठरलं वाटतं? आलता डझनाने नेला! मिठाई कधी देता?"

इथे अळता डझनाने लागतो तो लग्नघरातच. कापूर घेऊन घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात कुणा बंगाली मुलीला सून करून घेतलं, तिच्या आईशी बोलले, साडीचा रंगही ठरवला. दार उघडून बाथरूममध्ये हात धुवायला गेले आणि किंचाळले. फरशी लाल, मोरी लाल, भिंतीवर शिंतोडे. श्रीकांत तोंडाला दाढीचा साबण फासलेला तसाच धावत आला. अजेय आपल्या खोलीतून शांतपणे बाहेर आला, हातात धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. सगळा अळता त्याने मोरीत ओतून दिला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नोझल चांगलं आहे, आई."

इथल्या अळत्याच्या बाटलीला झाकणाखाली स्पंजचा बोळा असतो. बाटली दाबायची आणि बोळा पायाच्या कडेने फिरवायचा. पायाऐवजी भिंत, एवढाच फरक. संपली की पुन्हा भरायची. लग्नाच्या मुलीच्या पायांसाठी केलेली वस्तू तो खिशात घालून रेल्वेच्या भिंती रंगवत हिंडतो.

शाई जांभळी. लहानपणी तोंड आलं की माझी आई जिभेला एक जांभळं औषध लावायची, तोच हा रंग. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, हा रंग स्पिरिटमध्ये कालवला की काय करतो ते मला कुणी सांगायला नको. तो भिंतीत मुरतो. वरून पांढरा रंग लावला की त्या ओलाव्यात पुन्हा विरघळतो आणि नव्या थरातून वर येतो. अजेयने हे कुठेतरी वाचलं आणि त्याला वाटलं की आपणच शोध लावला. त्याची बोटं कायम जांभळी असतात. ऑफिसात कुणीतरी विचारलं, "पिंगले, किती मतं टाकलीस?" हे त्याने घरी येऊन असं सांगितलं, जसं काही बक्षीस मिळालंय.

तो भिंतीवर लिहितो काय, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. नाव असेल, काहीतरी इंग्रजी असेल, असं धरून चालले होते. एकदा आम्ही दोघे श्रीकांतच्या जुन्या सहकाऱ्याकडे बजबजला निघालो होतो. टॉलिगंज स्टेशनवर लोकलची वाट बघत होतो. समोरच्या भिंतीवर, पानाच्या पिचकाऱ्यांच्या जरा वर, हातभर मोठा जांभळा ळ.

या शहरात माझ्या घरातल्या पुस्तकांबाहेर मी ळ क्वचितच पाहिला असेल. बंगालीत तो नाही, हिंदीत नाही. भर गर्दीत आपलं माणूस भेटावं तसा मला आनंद झाला. मग त्याची शेपटी पाहिली. उगाच लांबवलेली, शेवटी वर उचललेली. पहिलीच्या पाटीवर ही शेपटी मी शंभर वेळा पुसली होती.

रात्री जेवताना विचारलं, "टॉलिगंजचा ळ तुझा का रे?"

"दिसला?" चेहरा फुलला. "माझेरहाटचा बघ, अजून मोठा आहे."

"ळच का?"

"आपलं आहे ना ते. इथे कुणाकडेच नाही."

"म्हणून दाखव बघू."

"काय?"

"जे लिहीत फिरतोस ते."

दाढी वाढलेला तो बाप्या जीभ तोंडात इकडेतिकडे फिरवून म्हणाला, "ल."

"शहरभर लिहितोस, तोंडाने येत नाही!"

"म्हणून तर लिहितो," असं म्हणून तो हसला. उत्तरं तयारच असतात. श्रीकांतही हसला. त्याला ते उत्तर फार आवडलं, दोन दिवस घोळवत होता.

तोवर मला हे सगळं पोरकट आणि घाणेरडं वाटत होतं, एवढंच. मग क्लबची भिंत आली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लबची लांब भिंत आहे. दुर्गापूजेसाठी घरोघर वर्गणी काढून ती पांढरी केली, तिच्यावर बायकांकडून आल्पना, म्हणजे इथली रांगोळी, काढून घ्यायची होती. दुसऱ्याच दिवशी मधोमध ळ. क्लबचे सेक्रेटरी जयप्रकाशबाबू. आमच्या इमारतीच्या तळमजल्याचे मालक तेच, आणि अनिल त्यांचाच भाडेकरू. मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणतात, आणि बोलतात ते लाउडस्पीकर लावल्यासारखं. त्यांनी रंगारी बोलावला. रंग वाळला, तसा ळ हळूहळू वर आला. पुन्हा दोनदा रंगवलं, दोन्ही वेळा आला. एवढी थोर माणसं त्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभी राहायची, पण त्यांच्यापैकी एकालाही भिंतीला नख लावून बघावंसं वाटलं नाही. सगळ्यांची खात्री झाली की कुणीतरी रोज पहाटे येऊन नव्याने लिहितं.

आणि पहाटे गल्लीत येतो कोण? अनिल. तो केरळचा, एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे आणि बहुतेक रात्रपाळीच करतो.

तरी नुसत्या येण्याजाण्यावरून कुणी बोट दाखवलं नसतं. जयप्रकाशबाबूंना ते अक्षर आहे की चष्मा हेच कळत नव्हतं. मराठी म्हणजे हिंदीसारखीच, असा इथे सगळ्यांचा समज. हिंदी त्यांना येते आणि हिंदीत असलं काही नसतं, तेव्हा आमच्याकडे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. अजेयला त्यांनी हटकलं ते डिझाइनवाला म्हणून. मी भाजीची पिशवी घेऊन मागून येत होते.

"ओहे अजेय, तू तर अक्षरं-बिक्षरं करतोस. ही कुठल्या मुलखाची लिपी?"

अजेयने दोन्ही हात खिशात घातले. जांभळी बोटं आत गेली. मान तिरकी करून त्याने भिंतीकडे असं पाहिलं, जसं काही ते अक्षर त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटतंय. "मल्यालम वाटतं, काकू."

इथे काकाला काकू म्हणतात. काकूंनी मान हलवली, आणि ती हलवता हलवता त्यांची नजर तळमजल्याच्या खिडकीकडे गेली.

मल्याळम. जिच्या नावातच ळ आहे ती भाषा त्याने ळ गाळून सांगितली आणि मोकळा झाला.

काल जिन्यात अनिल भेटला. "नमस्ते, पिंगळे आंटी." या गल्लीत आमचं आडनाव नीट म्हणणारा तो एकटा. ळ असा स्वच्छ, गोल, की माझ्या मुलाने ऐकत बसावं. त्याने सांगितलं, रविवारपर्यंत खोली रिकामी करायची आहे.

"तू सांगितलं नाहीस त्यांना, की मी लिहिलं नाही?"

"सांगितलं ना. आमचा असा नसतो, वेगळा असतो, म्हणून कागदावर काढून दाखवला. तर म्हणाले, बघा, लिहिता येतं ना याला!" तो हसला, मग हसू आवरलं. "पूजेच्या दिवसांत खोली कोण देणार, आंटी? बॅग हॉस्पिटलात ठेवतो. बघू."

आज जेवताना मी अजेयला म्हटलं, "उद्या जयप्रकाशबाबूंकडे जा आणि सांग."

"काय सांगू?"

"ते तू केलंस, हे. आणि रोज कुणी येऊन लिहीत नाही, हे. ते आपलं आपण वर येतं, हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"आई, पोलीस केस झाली तर? कंपनीत बॅकग्राउंड चेक असतो. त्याचं काय, पीजीच तर आहे, दुसरा मिलेल. नर्सना कुठेही मिलतो."

"मिळेल," मी म्हटलं.

"तेच ते." मग वरणात भात कालवता कालवता तो स्वतःशीच हसला. "पण तीन कोट मारले ना त्यांनी? तरी आला! मी तुला म्हटलं होतं."

त्या हसण्याची मला किळस आली. आपल्या पोटच्या पोराबद्दल हा शब्द लिहिताना हात थांबायला हवा होता, थांबला नाही. भिंतीवर कुणी न बघता मर्दुमकी करायची, "आपलं आहे" म्हणून ळ मिरवायचा, आणि दिवसाउजेडी कुणी विचारलं की तोच ळ दुसऱ्याच्या दारात टाकून यायचं. तीन कोटांतून शाई वर येते. हा मात्र एका प्रश्नात पुसला गेला.

मी श्रीकांतकडे पाहिलं. तो म्हणाला, "रविवार जाऊ दे, मग शांतपणे बघू."

"रविवारनंतर बघायला काय उरणार आहे?"

त्याने भातावर दही वाढून घेतलं. बँकेत एवढी वर्षं त्याने फायली अशाच झोपवल्या असतील.

तेव्हा आता मीच. जयप्रकाशबाबू सकाळी फिरून आले की व्हरांड्यात चहा घेत बसतात, फोन समोर तिपाईवर असतो. त्याच वेळी मी त्यांना फोन करणार आहे, घरातले हे दोघे उठायच्या आत. अनिलला राहू द्या म्हणून सांगेन. रंगाऱ्याला पुन्हा बोलावू नका, भिंत खरवडावी लागेल, आणि खरवडणारा आमच्याच घरात पांघरूण घेऊन झोपलाय, हेही सांगेन. पोलीस, कंपनी, पुढचं जे होईल ते होवो. सुरुवात कशी करायची याची मघापासून जुळवाजुळव करत होते, पण त्याची गरज पडणार नाही. फोन उचलून ते नेहमीसारखं म्हणतील, "बोला, पिंगले बौदी." तिथेच मी त्यांना थांबवीन आणि आमचं आडनाव नीट म्हणून दाखवीन.