चेष्टा करायची नाही

बी.एड.च्या वर्षी माझा जीव शिकवण्यापेक्षा फाईलवर जास्त होता. प्रत्येक सराव पाठाचं टाचण त्या फाईलमध्ये लावायचं आणि पाठ झाला की ‘आत्मपरीक्षण’ नावाच्या चौकटीत काय साधलं, काय चुकलं ते लिहायचं. फाईल मंजूर झाली नाही तर वार्षिक पाठाच्या परीक्षेला बसता येत नसे. म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात. मी कॅम्प तीन या सिंधी वस्तीतल्या जीन्स कारखान्यातून कापडाचा तुकडा मागून आणून फाईलला कव्हर शिवलं होतं. खिशासकट. बदलापूरहून निघालो की ती छातीशी धरायचो, लोकांना दिसावी म्हणून.

आत्मपरीक्षणं मात्र मी दिवाळीच्या सुट्टीतच उरकली होती. पुढच्या सगळ्या पाठांची. आत्मा घरचाच, पाठ होण्याची वाट कशाला बघायची?

पाचवा पाठ कॅम्प तीनमधल्या हिंदी माध्यमाच्या शाळेत, आठवीला मराठी. मागच्या बाकावर आमच्या मार्गदर्शक मॅडम. मी फळ्यावर गाळलेल्या जागा लिहिल्या आणि वळून दटावलं, “चला, लिहा. कोणी चेष्टा करायची नाही.”

वर्ग चिडीचूप. पेनं खाली. एका वाक्यात अशी शिस्त लावणारा मी, मनातल्या मनात फुललो. पाच मिनिटं झाली तरी शेजारच्या कारखान्यातल्या शिलाई मशीनखेरीज कशाचा आवाज नाही. कोणी लिहीनाच.

अखेर पहिल्या बाकावरची सिंधी मुलगी उठली. “सर, लिखें क्या? आपने तो बोला, चेष्टा नहीं करना.”

“बरोबर. चेष्टा नकोच.”

“पर कोशिश ही नहीं करें, तो लिखेंगे कैसे?”

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला तेव्हा कळलं. मागून मॅडमच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

तास संपताच त्यांनी फाईल मागितली आणि त्या पाठाची चौकट मोठ्याने वाचली. “‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त उत्तरे दिली. वर्गात चैतन्य होते.’ कुठल्या वर्गात हो? आणि शाईसुद्धा वाळली?”

मी कव्हरच्या खिशाकडे बघत राहिलो.

“कव्हर पास. आतलं नापास. उद्या दुपारपर्यंत खरं लिहून आणा, नाहीतर वार्षिक पाठ विसरा.”

शाळेच्या पायरीवरच बसलो. चौकट दोन मिनिटांत भरली. पान जोडलं, तेही भरलं. एकदम आठवलं, मागच्या पाठाला मी “शिक्षा करीन” म्हणून धमकावलं, तेव्हा पोरं “सर, रोज करो” म्हणाली होती. त्यांना वाटलं, मी शिकवणार आहे. वर्षभरात पहिल्यांदा हात थांबेना. शाळा सुटली तशी त्या मुलीला फाटकात गाठून असे आणखी शब्द मागितले. “सर, आपको इतना भी नहीं पता?” म्हणत तिने सहा दिले. मी तिथेच फाईल गुडघ्यावर ठेवून लिहून घेतले आणि घरी पोचेपर्यंत रिक्षात, फलाटावर, सगळीकडे पुटपुटत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मी जोडलेली सातही पानं उभ्याउभ्या वाचली. सही केली. खाली लाल शाईत लिहिलं, ‘चेष्टा उत्तम.’

कुठल्या भाषेतली, ते विचारायची हिंमत झाली नाही.