गाडीचं कपाळ

चहा येतोय तोवर ऐका. या गोष्टीत मी बराच वेळ हुशार दिसणार आहे. तेवढा वेळ दिसू द्या, पुढे काय व्हायचं ते होईलच.

मी तर्कशास्त्राचा मास्तर. बनारसला संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत बिऱ्हाड, आणि नोकरी गंगेपलीकडे रामनगरच्या कॉलेजात. रोज मोटारसायकलने पूल ओलांडायचा, धुरावरून अग्नी कसा ओळखायचा ते मुलांना शिकवायचं आणि परत यायचं. आमच्या गच्चीवरून मणिकर्णिकेचा धूर दिसतो, त्यामुळे उदाहरणाला कधी तोटा पडला नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझ्या सासूबाई जबलपूरहून आल्या, कार्तिकस्नानाला. काशीत महिनाभर रोज पहाटे गंगेत बुडी मारायची, ही त्यांची लग्नाआधीपासूनची इच्छा. मग सासर आलं, मुलं आली, सासऱ्यांचं आजारपण आलं, आणि इच्छा राहून गेली. आता कुठे जमत होतं. त्यात एक दिवस जरी चुकला तरी सगळा महिना मोडणार.

"जावईबापू, एवढं एक पार पडू दे," आल्या आल्या म्हणाल्या, "मग मी कुणाकडे काही मागायची नाही."

"आई, माझ्या घरात तुमच्या महिन्याला कोण धक्का लावतंय?" मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा.

दसऱ्याला गाडी धुऊनपुसून गल्लीत उभी केली. सासूबाई ताट घेऊन आल्या. पत्र्यावर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून त्यांनी ते तेलात चांगलं घट्ट कालवलं होतं. बोट कुंकवात बुडवून त्या पुढच्या दिव्याकडे निघाल्या.

"थांबा आई. दिव्याला का?"

"मग कुठे? गाडीचं कपाळ आहे ते."

आता दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. सणाचा दिवस, सासू समोर, ताटात दिवा. मी विचारलं, "कपाळ कशावरून?"

"कशावरून म्हणजे? सगळे तिथेच लावतात."

"सगळे लावतात हे काही प्रमाण नाही. दिवा म्हणजे गाडीचा डोळा. डोळ्यात कुणी कुंकू घालतं का? आता बघा, गाडी पेट्रोल पिते ते टाकीतून. म्हणजे तोंड टाकीला. आणि तोंडाच्या वर कपाळ. म्हणजेच टाकीचं झाकण."

माझी बायको शालिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "तोंडाच्या वर आधी नाक येतं की हो."

"मोटारसायकलला नाक नसतं," मी म्हणालो.

सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. मी झाकणावर ठसठशीत कुंकू लावलं, वर अक्षता दाबल्या. पुढे दर शुक्रवारी त्या संकठादेवीचं कुंकू आणायच्या, तेही तेलात कालवून मीच झाकणावर लावायचो. सिद्धांत माझा होता, तेव्हा जबाबदारीही माझीच.

कोजागिरीला सासूबाईंचं स्नान सुरू झालं, आणि त्याच सुमारास गाडी बिघडली.

म्हणजे सुरू व्हायची झकास. घरापासून पुलापर्यंत तक्रार नाही. पुलावर आली की दम लागल्यासारखी आचके द्यायची आणि बंद पडायची. पहिल्या दिवशी मी झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, प्लग काढला, रुमालाने पुसला, परत बसवला. एका किकमध्ये चालू. मी मनात म्हटलं, प्लग.

पुढे रामनगरच्या पिंपळापाशी पुन्हा बंद. झाकण उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, प्लग पुसला, चालू. म्हणजे प्लगच, यात शंका उरली नाही. नवा प्लग घातला.

दुसऱ्या दिवशी पुलावर बंद. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. मग या खेपेला कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून साफ केला, पुन्हा बसवला. चालू. तेव्हा मला कळलं की दोष प्लगचा नव्हताच, कार्बोरेटरचा होता. कॉलेजात स्टाफरूममध्ये मी हे समजावून सांगितलं. लोकांनी मान डोलावली.

शेवटी मैदागिनच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं, किक मारली आणि चौकापर्यंत चक्कर मारून आला.

"गाड़ी त मस्त चलत हौ, गुरु," तो म्हणाला. "आपे के वहम हौ."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो गाडीऐवजी माझ्याकडेच निरखून बघायला लागला.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली नव्हती. टाकी काठोकाठ भरली की गाडी लवकर बंद पडायची, अर्धी असली की उशिरा. केवढा मोठा पुरावा होता तो. मी त्याचा अर्थ असा लावला, की जेवढं पेट्रोल जास्त तेवढी त्यातली भेसळ जास्त. आता भेसळ कशाची, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

आणि एके दिवशी सकाळी दात घासता घासता मी खिडकीतून पाहिलं. सासूबाई घाटावरून परत येत होत्या. हातात गंगाजलाची लोटी. त्यांनी तुळशीवर पाणी शिंपडलं, उंबऱ्यावर शिंपडलं, आणि मग माझ्या गाडीवर.

मी ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिलो. स्नान सुरू झालं, लोटी आली, आणि गाडी बिघडली. लोटी नव्हती तेव्हा गाडी ठणठणीत होती. कारण असलं की कार्य असतं, नसलं की नसतं. वर्षानुवर्षं हेच तर शिकवत आलो होतो.

नाश्त्याला मी विषय काढला.

"आई, तुम्ही गाडीत गंगाजल घालता का?"

"शिंपडते की. तुम्ही रोज पुलावरून जाता, जपून जावं म्हणून."

"वर नाही, आत. टाकीत."

"आत कसं घालीन? झाकणाला किल्ली लागते. ती तुमच्या खिशात असते."

हा मुद्दा बिनतोड होता. मी तो नंतर बघू म्हणून बाजूला ठेवला.

"काही थेंब जात असतील कडेकडेने," मी म्हणालो. "पेट्रोलमध्ये पाणी गेलं की इंजिन असंच करतं. मी सिद्ध करून दाखवतो."

मग मी गल्लीत बसून सगळी टाकी शालिनीच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रिकामी केली. पाणी जड, ते तळाला बसतं. सासूबाई बघत होत्या, शालिनी बघत होती, समोरचे पानवाले बघत होते. मी पातेलं तिरकं करून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं. तळाला पाण्याचा टिपूस नव्हता.

पेट्रोलमध्ये पाणी विरघळत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "विरघळलं असेल."

सासूबाईंनी लोटी देवापाशी नेऊन ठेवली. आवाज चढवला नाही. "माझ्या गंगेला जिथे चोर ठरवलं, त्या घरचं पाणी मला नको," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी भरायला लागल्या. रामनगरला त्यांची चुलत बहीण होती, तिच्याकडे जाणार.

शालिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तो काठ काशीचा नाही," ती म्हणाली. "उद्या पहाटे आई तिकडे असली तर तिचा महिना मोडला. एवढ्या वर्षांनी आली होती बिचारी. शोभलं का तुम्हाला?"

मला खरोखर लाज वाटली. "मी काय करू?"

"तुम्ही दुखवलंत, तुम्हीच पोचवायला जा. आणि पूल संपायच्या आत तिचं मन वळवा."

टाकीत पेट्रोल परत ओतलं, आणखी भरलं. सासूला नेताना वाटेत पेट्रोल संपायला नको, म्हणून काठोकाठ भरलं. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही.

सासूबाई मागे बसल्या आणि पिशवी त्यांनी आमच्या दोघांच्या मधे ठेवली. सगळ्या रस्त्याने मी माफीची वाक्यं जुळवत होतो. एक जमलं की वाटायचं, यात आपण स्वतःचीच बाजू मांडतोय. जुळवता जुळवता पूल आला.

पुलावर चढलो न चढलो तोच गाडीने आचके दिले आणि ती थांबली.

मी उतरलो, झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं. हाताला सवयच झाली होती. मग म्हणालो, "आई, चुकलो मी. घरी चला."

त्या गंगेकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझं गंगाजल तुमच्या गाडीला चालत नाही ना? मग माझं कुंकू तरी कशाला ठेवलंय?"

आणि त्यांनी पदराने झाकण पुसायला घेतलं. कुंकू निघेना. तेल, धूळ आणि अक्षता मिळून त्याचं पार पापुद्र्यासारखं झालं होतं. तेव्हा त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि टोकाने झाकण खरवडायला सुरुवात केली. कोपरे टोकरून टोकरून शेवटचा लाल ठिपका जाईपर्यंत सोडलं नाही.

"चला आता," त्या म्हणाल्या.

गाडी चालू झाली. पूल संपला. मन वळवायची माझी मुदतही संपली. रामनगर आलं, पिंपळ आला, पिंपळ मागे गेला.

"इथे पण थांबते म्हणत होतात ना?" मागून आवाज आला.

"हो. रोज."

"मग आज का नाही थांबली?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

इतक्या दिवसांत गाडीबद्दल मी पहिल्यांदा काहीतरी खरं बोललो होतो. बहिणीची गल्ली समोर दिसत होती.

"वळवा गाडी," सासूबाई म्हणाल्या. "परत घरापर्यंत जाऊ. नाही थांबली, तर माझ्या गंगाजलाचा दोष नव्हता हे तुम्ही शालूसमोर म्हणायचं."

"थांबली तरी म्हणतो," मी म्हणालो.

नाही थांबली. पूल पार झाला, चौक गेला, गल्लीत येऊन दारात उभी राहिली. मी शालिनीसमोर म्हणालो, आणि पानवाल्यांनाही ऐकू जाईल असं म्हणालो. सासूबाई सरळ आत गेल्या, ताट घेऊन आल्या आणि पुढच्या दिव्याच्या वर कुंकवाचं बोट लावलं.

"देवीला ती जागाच पसंत नव्हती," त्यांनी निकाल दिला. "कपाळाला लावलं असतं तर हे रामायण झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या संकठा घाटावर गंगेत होत्या. गाडीही त्या दिवसापासून एकदाही बंद पडली नाही. झाकणावर कुंकू होतं तेव्हा बिघाड होता, झाकणावर नाही तर बिघाड नाही. माझ्याच शास्त्राने त्यांचा सिद्धांत सिद्ध झाला होता, आणि मला त्यात खोट काढता येत नव्हती.

शेवटी रविवारी मी ते झाकण काढून उन्हात धरलं. मधोमध सुईएवढं भोक होतं. आकड्याने मोकळं झालेलं, काठाला अजून थोडं लाल.

गप्प बसता आलं असतं. देवीवर भागलं होतं, माझं नाव कुठेच नव्हतं. पण मास्तरकी आड येते माणसाला. कार्तिकी पौर्णिमेचं शेवटचं स्नान करून सासूबाई तृप्त चेहऱ्याने चहा घेत बसल्या होत्या, तेव्हा मी झाकण घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

"आई, देवीचा काही संबंध नव्हता. हे भोक बघा. पेट्रोल खाली इंजिनात उतरतं, तेवढी हवा वरून टाकीत यावी लागते. ती इथून येते. हे बुजलं की पेट्रोल उतरेनासं होतं, गाडी गुदमरते. टाकी काठोकाठ भरली की आत हवा मुळातच कमी, म्हणून लवकर गुदमरायची. झाकण उघडलं की हवा आत जायची आणि ती पुन्हा चालायची. मला वाटायचं, मी दुरुस्त केली."

त्यांनी कप खाली ठेवला, झाकण हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं.

"म्हणजे गाडी इथून श्वास घेते?"

"तसंच म्हणा."

"आणि तुम्ही दर शुक्रवारी हेच कुंकवाने लिंपत होतात?"

"हो."

त्यांनी झाकण माझ्या हातात परत दिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "शालू, ऐकलंस का गं? नाक होतं."