व्हिसा न लागणारं बेट

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेसचे तपशील एकमेकांत मिसळून गेले. चोऱ्या, मारामाऱ्या, एमआयडीसीतल्या भंगाराच्या भानगडी, सगळं आता एकाच गाठोड्यात आहे. ही एक केस मात्र अजून काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर उभी राहते. बोईसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून माझी ती शेवटची नेमणूक होती. त्यातल्या माणसांची आणि त्या परदेशाची नावं मी मुद्दाम लिहीत नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीचा आढावा झाला, आणि मी चहाचा पहिला घोट घेणार तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज वाढला. किनाऱ्यावरच्या नवापूर गावची एक मासे विकणारी बाई पाटी बाहेर ठेवून आत आली होती. नवरा परदेशात गेलाय आणि त्याच्यावर काहीतरी संकट आलंय, असं तिचं म्हणणं. अंमलदाराने विचारलं, कशावरून? तर म्हणे, तो फोनवर हिंदीत बोलला. आमचे हवालदार हसू दाबत म्हणाले, तिकडे जाऊन सुधारला असेल. बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते हसायचे थांबले.

मी तिला आत बोलावून बसवलं. ती म्हणाली, "साहेब, लगीन झाल्यापासून तो माज्याशी कदी हिंदीत बोलला नाय. भांडताना पन नाय. त्याच्या बाजूला कोनतरी उभं हाय, ज्याला आमची बोली कलत नाय. त्याला कलावं म्हनून तो हिंदीत बोलतो."

तीस-बत्तीस वर्षं खबऱ्यांच्या खबरा ऐकल्या होत्या. इतकी स्वच्छ खबर क्वचितच मिळाली होती.

नवरा तांडेल होता, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. बोट दुसऱ्याची, हा ती चालवायचा. अलीकडे मासळी कमी झाली, मालकाने बोट विकायला काढली आणि हा मोकळा झाला. तेवढ्यात बोईसरच्या एका एजंटाने सांगितलं की कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे, तिथल्या हॉटेलाला पर्यटकांच्या बोटी चालवायला माणसं हवीत, आणि मुख्य म्हणजे भारतीय माणसाला तिथे व्हिसाच लागत नाही. शेजारच्या गावांतले आणखी दोन तांडेलही त्याच्याबरोबर गेले होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या किनाऱ्यावर वादळात किंवा इंजिन बिघडल्यावर परक्या गावची, अगदी गुजरातेकडची बोटसुद्धा बंदरात आली, तर तिला आधी पाणी विचारतात. भाकरी देतात, दोरखंड देतात. तू कुठला, कागद दाखव, असं तिथे कुणी म्हणत नाही. या लोकांनी 'व्हिसा लागत नाही' हे शब्द ऐकले आणि त्याचा तोच अर्थ घेतला. बाईने मला सांगितलं, जाताना नवरा म्हणाला होता की तिकडचा रिवाज आपल्यासारखाच हाय. चुकीचा समज, पण किती सभ्य माणसांचा समज.

मिसिंगची नोंद घेतली आणि एजंटाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा, प्रत्येक वाक्यात साहेब. चौकशीच्या खोलीत बसून त्यानेच मला त्या देशाचे नियम शिकवले. थोड्या दिवसांच्या पर्यटनाला भारतीयांना व्हिसा नको. पासपोर्टची मुदत पुरेशी शिल्लक हवी. परतीचं तिकीट हवं. राहण्याच्या जागेचं बुकिंग हवं, खर्चापुरते पैसे दाखवता यायला हवेत. आणि वाटेत विमान जिथे बदलायचं त्या देशाचा नियम निराळा, तो आधी बघावा लागतो. "ह्यात एकतरी गोष्ट मी चुकवली असेल तर मला आत टाका," असं म्हणून तो मागे रेलून बसला.

मी वरिष्ठ कार्यालयामार्फत तिकडचं काम पाहणाऱ्या आपल्या दूतावासाकडे विचारणा केली. उत्तर आलं, एजंट सांगतो ते सगळं खरं आहे. खरं सांगायचं तर माझी पंचाईत झाली. मात्र त्याच उत्तरात पुढे दोन गोष्टी होत्या ज्या एजंटाने गिळल्या होत्या. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला तिथे कसलंही पगारी काम करता येत नाही. आणि त्या देशात येणं किंवा तिथून जाणं फक्त ठरवून दिलेल्या बंदरांतून आणि विमानतळावरूनच करायचं, दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून नाही. विमान कंपनीकडे चौकशी केली तेव्हा आणखी कळलं की तिघे तिथे उतरताच त्यांची परतीची तिकिटं रद्द झाली होती. म्हणजे परत यायचं नव्हतंच.

संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर नकाशा उघडून ते बेट शोधलं. नखाखाली झाकलं जाईल एवढा ठिपका, आणि भोवती नुसतं निळं पाणी. नवापूरचा माणूस पृथ्वीच्या जवळजवळ पाठीमागे जाऊन पोचला होता. मग मी त्या ठिपक्याच्या आजूबाजूचं पाणी न्याहाळलं. थोड्या अंतरावर दुसरं एक बेट होतं, ते अमेरिकेच्या ताब्यातलं.

दुसऱ्या दिवशी एजंटाला पुन्हा बसवलं. खोटं बोलणाऱ्या माणसाची पद्धत ठरलेली असते. अपेक्षित प्रश्नांची उत्तरं तो घरून पाठ करून येतो. म्हणून त्याला ते प्रश्न विचारायचेच नसतात. मी कागदपत्रं बाजूला सारली आणि सहज विचारलं की बोईसरच्या कारखान्यांतली आयटीआय झालेली, तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारी पोरं तुझ्या ऑफिसात खेटे घालत होती, त्यांना तू परत पाठवलंस. हॉटेलात कामाला तीच पोरं बरी पडली असती. तुला तांडेलच कशाला हवे होते?

त्याने पाणी मागितलं. पाणी प्यायला. मग पुन्हा मागितलं. मी ग्लास भरून पुढे केला. दोन ग्लास पाणी मागणारा माणूस तिसऱ्याच्या आत बोलतो, हा माझा अनुभव. तोही बोलला.

वेगवेगळ्या देशांतून माणसं त्या बेटावर पर्यटक म्हणून उतरवली जात. पुढे अंधारात, एखाद्या निर्जन किनाऱ्यावरून, लहान बोटींत कोंबून त्यांना अमेरिकेच्या बेटाकडे नेत. त्या बोटी चालवायला तिकडचं कुणी तयार नव्हतं, कारण मागे एक बोट उलटून माणसं बुडाली होती. म्हणून दर्याला न घाबरणारे, परक्या देशातले, भाषा न येणारे लोक हवे होते. पकडला गेलाच तर तुरुंगात जाणारा तांडेल. एजंट आणि त्याचे साथीदार कोरडेच.

हे सगळं ऐकून मी बाहेर आलो. ती बाई व्हरांड्यात बाकावर बसली होती.  तिला जे होतं ते सांगितलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, त्याचा फोन आला तर मी तुमच्याकडे देईन.

आणि फोन आला. ती तेव्हा ठाण्यातच होती, दुपार कलत होती, म्हणजे तिकडे सकाळ. त्या लोकांनी त्याला बोटीचं इंजिन तपासायला समुद्रात पाठवलं होतं आणि रस्ता दिसावा म्हणून नकाशावाला फोन हातात दिला होता. बोटीवर तो एकटाच होता. आता तो आपल्या बोलीत बोलत होता. बाईने दोन वाक्यांत त्याला सगळं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला.

मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं की इंजिन तपासून घेतायत म्हणजे आज रात्री ते तुला माणसं घेऊन जायला सांगतील, तू जाऊ नकोस. संधी मिळताच पळ, रस्त्यावरच्या पहिल्या पोलिसाला गाठ. तुझा पासपोर्ट त्यांच्याकडे असला तरी बिघडत नाही, दूतावासाला आम्ही कळवलंय. तू स्वतःहून हजर झालास तर साक्षीदार ठरशील. माणसं घेऊन चोरवाटेने निघालास तर आरोपी.

 मग तो म्हणाला, "साहेब, मी पलालो तर ते बोट दुसऱ्याच्या हाती देतील. इथं दर्या मोटा हाय, बोट बारकी. बाया हायत, बारकी पोरं हायत. दुसऱ्याला नाय जमनार."

मी आवाज चढवला. पोलिसाचं दुसरं हत्यार काय असतं? तुझ्या बायकोचा विचार कर, असंही म्हणालो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सरकारी बंदर कुठल्या अंगाला हाय, तेवडं सांगा."

 बोट कुठे न्यायची हे तो ठरवतोय, हे माझ्या लक्षात आलं. दूतावासाच्या पत्रात ठरलेल्या बंदरांची नावं होती. मी त्यातलं जवळचं सांगितलं, नकाशावर बेटाच्या कुठल्या बाजूला आहे तेही सांगितलं. बाईने फोन परत घेतला. तिने त्याला जाऊ नको म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं. तिने विचारलं, बोट बरी हाय का? तो काहीतरी बोलला. "मंग सांबालून ने," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं. वरिष्ठांना फोन, दूतावासाला निरोप, तिकडच्या तटरक्षकांना कळवण्याची विनंती. सगळीकडून एकच उत्तर आलं, कळवतो. आपल्याकडे सकाळ उजाडली तेव्हा तिकडे रात्र पडली होती. त्या दिवशी ठाण्यात नेहमीची कामं चालू होती, अपघाताचा पंचनामा, पासपोर्टची पडताळणी, नाक्यावरची नाकाबंदी. माझं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. बाई मासे विकायला गेली नाही. ती व्हरांड्यात बसून राहिली. आमच्या महिला शिपायाने तिच्यापुढे डबा ठेवला, तो तिने दिवसभर उघडला नाही.

संध्याकाळी दूतावासातून फोन आला. तिकडच्या पहाटे त्या बंदराच्या धक्क्याला एक बोट लागली होती. सगळे जिवंत.

नक्की काय घडलं ते पुढे त्याच्या जबाबातून समजलं. टोळीचा एक माणूस वाट दाखवायला पुढे बसला होता. तांडेलाने किनारा सोडला, आत खोल समुद्रात गेला आणि मग हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने बोट वळवत बेटाला वळसा घातला. दिवे दिसू लागले तेव्हा पुढच्या माणसाला वाटलं, अमेरिका आली. तो खूश होता. धक्क्यावर गणवेशातले लोक दिसल्यावर त्याने पाण्यात उडी मारली, तर त्यालाही तांडेलानेच दोर टाकून वर काढलं. मग प्रत्येक बाईला, प्रत्येक पोराला हात देऊन वर चढवलं आणि सगळ्यांत शेवटी स्वतः चढला. तिथल्या अधिकाऱ्यासमोर जाऊन हात पुढे केले, बेड्या घाला म्हणून. अधिकाऱ्याने त्याला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. आपला निरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता.

टोळी पकडली गेली. बाकीचे दोन तांडेल एका बंद घरात सापडले, त्यांनाही सोडवलं. तिघेही साक्ष देऊन परत आले. इथे एजंटावर दोषारोपपत्र गेलं.

जबाब घेताना मी तांडेलाला विचारलं की त्या प्रवाशांपैकी कुणी ओळखीचं होतं का. नाही म्हणाला. त्यांची भाषाही कळत नव्हती. मग स्वतःचा जीव पणाला का लावला, तुरुंगाचा धोका का पत्करला? त्याला माझा प्रश्नच कळला नाही. तो शेजारी बसलेल्या बायकोकडे बघू लागला. लिहून घेणारा शिपाई पेन धरून माझ्याकडे बघत होता, कारण काय लिहू म्हणून. आमची सगळी चौकशी एकाच गोष्टीवर उभी असते, की माणूस आधी स्वतःला वाचवतो. त्या धाग्याला धरूनच आम्ही आरोपीला बोलतं करतो. इथे तो धागाच नव्हता. त्या केसने मला शिकवलं ते एवढंच, की असाही माणूस असू शकतो, आणि जबाब घेताना त्याच्यासाठी मनात जागा ठेवली पाहिजे.

निघताना दारात थांबून त्याने विचारलं, "साहेब, त्या बायापोरांचं काय झालं?"  त्यांचा पत्ता काढणं माझं काम नव्हतं, पण मी दूतावासाला पत्र लिहिलं. उत्तर यायला बराच काळ लागला. ते आलं तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. ठाण्यातल्या जुन्या शिपायाने मला ते फोनवर वाचून दाखवलं, आणि मी तसाच नवापूरला गेलो.

तो किनाऱ्यावर जाळं उकलत बसला होता. बायको शेजारी बोंबील वाळत घालत होती. मी सांगितलं की सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या देशात सुखरूप पाठवलं, पोरंही आयांबरोबर घरी पोचली. त्याने जाळं खाली ठेवलं. फोनवर, धक्क्यावर, जबाबात, कुठेही ज्याचा आवाज हलला नव्हता, तो माणूस तोंडावर पंचा धरून हुंदके देऊन रडायला लागला. एवढ्या नोकरीत माझ्यासमोर शेकडो माणसं रडली, आणि बहुतेक सगळी स्वतःसाठी. ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा माणसांसाठी रडलेला तो एकच. मी वाळूत त्याच्याजवळ बसून राहिलो, आणि खूप वर्षांनी माझेही डोळे भरून आले.