तुमचा नळ

अकोले तालुक्याच्या डोंगरात, आमच्या ठाकरवाडीत, माझं लहानपण झऱ्यावरून हंडे वाहण्यात गेलं. आई चुलीपुढूनच ओरडायची, "ऊठ गं भवाने, पाण्याला जा!" पुढे शिकले आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागले. आदिवासी मुलांच्या त्या कॉलेजाला आसपासच्या वाड्यांच्या कामासाठी सरकारी अनुदान मिळालं, तेव्हा मीच हट्टाने आमच्या वाडीचं नाव पुढे केलं. टाकी बांधून झाली, दारोदार नळ आले.

उद्घाटनाला मी पाहुण्यांच्या रांगेत बसले. आई समोर, "लाभार्थी" लिहिलेल्या पाटीखाली. त्या शब्दाचा मला संताप आला. आपल्याच डोंगराचं पाणी पिणारी बाई कसली लाभार्थी? पण सूत्रसंचालकाने बायांना आधीच बजावलं होतं, एकेका पाहुण्यापुढे हात जोडून आभार माना. आई रांगेतून माझ्यापर्यंत आली. मला हसू फुटणार होतं. तिने पदर सावरला, हात जोडले आणि खाली बघत म्हणाली, "लई उपकार झाले, म्याडम."

मला वाटलं, गंमत करतेय. संध्याकाळी घरी गेले, तर तिने शेजारणीकडून मागून आणलेली सतरंजी माझ्यासाठी अंथरली होती. मी बसलेच नाही. कोपऱ्यातला हंडा उचलला आणि म्हटलं, "आई, पाणी घेऊन येते."

तिने तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या. आता तुमचा नळ हाय ना."