बिननेमणुकीचे तपासनीस

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना जगातली कुठलीही इमारत दोनच प्रकारची दिसे: शाळा भरवता येईल अशी आणि येणार नाही अशी. भंडारा जिल्ह्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून त्यांची उभी हयात शाळा तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर ते मुलाकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला आले, तेव्हा विमानतळावरून घरी पोचेपर्यंत त्यांनी एक बँक आणि दोन गोदामं शाळेसाठी पसंत केली आणि एक भलंमोठं ऑफिस खिडक्या उघडत नाहीत म्हणून नापास केलं. मी समोरच्याच घरात राहायचे आणि त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या मुलाला सतराचा पाढा विचारला. तो "आय डोन्ट नो" म्हणाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की सतरा चोक किती हे मलाही आठवेना.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. टेक्सासमध्ये चार्टर शाळा हा प्रकार नुकताच सुरू झाला होता आणि आमच्याजवळ फर्निचरच्या एका बंद पडलेल्या दुकानात तशी एक शाळा निघणार होती. काकांची नात आणि माझा मुलगा दोघंही दुसरीत जाणार होते. मैत्रिणीने सासऱ्यांना नीट समजावून सांगितलं, "बाबा, पैसे सरकार देतं, पण शाळा वेगळंच मंडळ चालवतं. काय शिकवणार, कसं शिकवणार हे ते आधी लिहून देतात. त्यावर पाच वर्षांची परवानगी मिळते. परीक्षा सरकारीच. दिलेला शब्द पाळला नाही तर परवानगी कॅन्सल. आणि फी नाही."

"म्हणजे आपली अनुदानित शाळा," काका म्हणाले. "डोनेशन कोणाला द्यायचं?"

"डोनेशन नसतं बाबा. अर्ज जास्त आले तर लॉटरी काढतात."

काका नुसते हसले. महाराष्ट्रातल्या संस्थाचालकांना ओळखणाऱ्या माणसाचं हसू होतं ते. चिठ्ठ्या निघायच्या दिवशी ते इस्त्रीचा सफारी घालून पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना चिठ्ठ्यांचा डबा आधी उलटा करून दाखवायला लावला. माझ्या मुलाचं नाव निघालं. नातीचं गेलं वेटिंग लिस्टवर, तेही खूप खाली. मैत्रीण रडकुंडीला आली होती आणि काका आनंदाने मला सांगत होते, "आपली मुलगी खरंच बाहेर राहिली हो! प्रामाणिक माणसं आहेत ही." पुढे ऑगस्टमध्ये काही पालकांनी बेत बदलला आणि नातीला जागा मिळाली, तेव्हा त्यांना थोडा संशयच आला.

या शाळेला बस नव्हती, जेवणघर नव्हतं, मैदान म्हणजे मागचं पार्किंग. शिवाय प्रत्येक घरातून कोणीतरी वर्षातले काही तास शाळेसाठी काम करावं, अशी अपेक्षा होती. आम्ही सगळे नोकरीवाले. काकांनी त्यांच्या घरचे तास भरले, मग माझे भरले, मग ओळखदेख नसलेल्या पालकांचेही भरू लागले. रोज सकाळी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ते शाळेत जायचे आणि दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाची नखं बघायचे. मग एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे. खुर्ची दिली तर नको म्हणायचे. मुलाला फळा कसा दिसतो ते मुलाच्या जागेवरूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा गणिताच्या तरुण शिक्षकाला त्यांनी इंग्रजीत लेखी शेरा दिला: तास उत्तम, परंतु शिक्षक स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देतात. तो बिचारा कागद घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि काकांना म्हणाल्या, "इन्स्पेक्टर सर, उद्या माझ्या तासाला बसा." दुसऱ्या दिवशी ते बसले. बाईही नापास झाल्या, पण थोडक्यात.

दुसऱ्या वर्षी मुलं कमी झाली. पट घटला तसं सरकारकडून येणारं अनुदान घटलं, आणि डिसेंबरच्या सभेत मंडळाने सांगून टाकलं की नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडणार नाही. या सभा सगळ्यांना खुल्या असतात, कोणीही उठून बोलू शकतं. पालक एकमेकांवर आवाज चढवायला लागले. काका उभे राहिले आणि त्यांच्या त्या भंडाऱ्याकडच्या इंग्रजीत म्हणाले, "शाळा बंद करणं चूक नाही. मधेच बंद करणं चूक आहे. अर्ध्या धड्यावर पुस्तक मिटू नका. मे महिना येऊ द्या." मग ते शांतपणे खाली बसले. मंडळाने बरीच चर्चा केली, दोन वर्ग एकत्र केले, अर्धी जागा सोडून दिली, आणि शाळा मेपर्यंत ओढली.

मे महिन्यात काकांचं परतीचं तिकीट होतं. ते त्यांनी पुढे ढकललं. मुख्याध्यापिकाबाईंच्या ऑफिसात बसून ते बाईंना एकेका मुलाच्या घरी फोन करायला लावत: नवीन शाळेत नाव घातलं का, दाखला पोचला का. जूनच्या उकाड्यात एसी बंद पडलेल्या त्या दुकानात दोघं यादी घेऊन बसलेली असत. मैत्रीण वैतागून म्हणाली, "बाबा, इथे शाळेत घालावंच लागतं. कायदाच आहे. कोणी घरी बसणार नाही."

"कायदा आपल्याकडेही होता," एवढंच काका म्हणाले.

शेवटच्या मुलीचं नाव पक्कं झालं त्या दुपारी मी त्यांना आणायला गेले. ते गाडीत बसले. मग म्हणाले, "बेटा, नोकरीत असताना एक शाळा मी बंद केली. टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या लहानशा वस्तीतली, एकशिक्षकी. पटावर नऊ मुलं. माझा अहवाल इतका चोख होता की साहेबांनी दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवला." ते समोर बघत होते. "ती नऊ मुलं नंतर कुठे गेली, ते मी कधी विचारलं नाही."

त्यांनी सावकाश सीटबेल्ट लावला, तो बसला की नाही हे दोनदा ओढून पाहिलं, आणि म्हणाले, "चल. उशीर झाला."