एकटीसाठी मागितलेलं गाऱ्हाणं

देवीवर माझा राग होता, हे आधी सांगून टाकते. कोकणात आमच्या गावावर वादळ आलं, त्या कार्तिकातली ही गोष्ट. आम्ही घाटकोपरला एका चाळीत राहत होतो आणि माझी चार वर्षांची लेक गावी सासूबाईंकडे होती. दसऱ्याला तिला सोडून आलो. दिवाळी झाली की आणू म्हणत होतो, तर हे अरिष्ट. समुद्र वाडीत शिरला, माड झोपले, एवढंच कानावर आलं. तारा तुटलेल्या, बोटी बंद. गावात कोण आहे, कोण नाही, सांगायला माणूस नव्हता.

तेव्हाचं घाटकोपर आता सांगून कुणाला पटायचं नाही. चाळीच्या मागे भाताची खाचरं होती आणि पूर्वेला मिठागरं. वारा तिकडून आला की खारट वास यायचा आणि गाव आठवायचं. एरवी मला तो वास फार आवडायचा. त्या दिवसांत मी खिडकी लावून घ्यायची. माझे यजमान कारखान्यातून येऊन न जेवता गावाच्या खोलीवर जात. गावाची खोली म्हणजे आमच्या गावचे एकटे पुरुष मिळून राहत ती खोली. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, कोनाड्यात ग्रामदेवीची तसबीर. गणपतीत, शिमग्यात तिथे निम्मं गाव जमे आणि भजनाला पेटीवरून भांडणंही होत. आता तीच माणसं नुसती भिंतीला टेकून बसलेली असत.

खोलीतले वडीलधारे म्हणजे तात्या. गिरणीतून निवृत्त झालेले, गावच्या मानाच्या घरातले. देवीपुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायचा मान त्यांचा. त्यांची बायको, आमची काकी, गावीच घर सांभाळून होती. रविवारी तात्यांनी नारळ ठेवला. आम्ही बायका बाहेर गॅलरीत उभ्या होतो. ते एकेक वाडीचं, एकेक देवस्थळाचं नाव घेत होते, गुरावासरांनाही सांभाळ म्हणत होते आणि आतले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणत होते. माझ्या लेकीचं नाव काही येईना. शेवटी मला राहवलं नाही. बायकांनी मध्ये बोलायची रीत नव्हती, तरी मी दारातून म्हणाले, “तात्यानू, माझ्या चेडवाचा नाव घेवा.”

सगळे वळून बघू लागले. यजमानांनी मान खाली घातली. तात्या रागावले नाहीत.

“बाय माझे,” ते म्हणाले, “ह्या गाराणा गावाचा. एकट्याचा मागलंय, तर बाकीच्यांची पोरा खंय जातली?”

मला ते अगदी झोंबलं. बाकीच्यांचं बाकीचे बघतील, असं मनात आलं. घरी येऊन मी माझ्या देव्हाऱ्यापुढे बसले आणि पदर पसरून फक्त लेकीसाठी मागितलं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही, मुद्दाम घेतलं नाही.

बोटी सुरू झाल्यावर पहिल्या बोटीला आम्ही भाऊच्या धक्क्यावर गेलो. आमच्या खोलीवरची माणसं उतरणाऱ्यांच्या तोंडासमोर जाऊन गावाचं नाव ओरडत होती. आमच्या गावचं कुणी उतरलं नाही. रस्ते वाहून गेल्याने बंदरापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं म्हणे. यजमान आणखी चौकशीला गेले आणि मी माझा तांब्या घेऊन एका बाजूला बसून राहिले.

एक बाई बोचकं घेऊन शेजारी टेकली. पाणी मागितलं. मी दिलं. पाणी पिऊन तिने, कोकणातली माणसं विचारतात तसं, कुठल्या गावची, कुणाच्या घरची, सगळं विचारून घेतलं. मी घाटकोपर म्हणताच तिने माझा हात धरला.

“म्हणजे तू त्या चेडवाची आवस? ता बरा आसा गो. सगळ्यांका सांगता, घाटकोपराक माझी आये आसा, तिका सांगा, मी रडूक नाय.”

मी मोठमोठ्याने रडले. बाई खाडीपलीकडच्या, बंदराच्या बाजूच्या गावची होती. पाणी वाढू लागलं तेव्हा तिच्या वाडीनेही होड्यांनी अलीकडे येऊन आमच्या देवीच्या उंचावरच्या देवळात आसरा घेतला होता. तिने पुढचं सांगितलं. आमच्या वाडीतली पोरं एका म्हातारीने देवळात आणली. माझी लेक तिच्या पाठीवर होती. सासूबाई मागून आल्या. पोरांना आत ठेवून म्हातारी गोठ्यातली गुरं सोडायला परत गेली आणि माड अंगावर पडून तिथेच गेली. म्हातारीचं घर कुठलं, हे बाईने सांगितलं आणि मी ओळखलं. ती आमची काकी होती.

बाईला न्यायला तिचा मुलगा आला आणि ती गर्दीत गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे किती जणांकडे चौकशी केली, पण ती पुन्हा भेटली नाही.

तात्या थकल्यामुळे खोलीवरच थांबले होते. पुरुषांना सांगायचा धीर होईना, म्हणून मी पुढे झाले. मला बघताच ते उठले. स्वतःचं काही विचारलं नाही.

“चेडू गावला?”

मी हो म्हटलं. त्यांचं तोंड उजळलं, देवीकडे बघून त्यांनी हात जोडले. मग मी त्यांच्या पायाशी बसून बाकीचं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते.

“पोरा देवळात पोचली मां सगळी?” त्यांनी विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. “मगे तिना आपला काम केल्यान,” म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

लेक आज नातवंडांत रमली आहे. देवीने तुझं ऐकलं, असं लोक मला म्हणतात आणि मी तिचे उपकार मानते, रोज मानते. पण मी एकटीसाठी मागत बसले होते, त्याच्या आधीच काकीने माझं मूल पाठीवर घेतलं होतं. तेव्हापासून देवापुढे बसले की लेकीचं नाव ओठांवर येतं आणि मी ते घेत नाही. सगळ्यांना सांभाळ, एवढंच म्हणते. त्यात ती येतेच.